गोल नसलेली 'गोल खाच': इन्सुलाभोवतीचे तीन चर उघडताना

'सर्क्युलर सल्कस' हे नाव पाठ करून विच्छेदनाला बसलं की पहिली चूक तिथेच ठरलेली असते. इन्सुला म्हणजे मेंदूच्या बाजूच्या खोल भेगेत, आजूबाजूच्या लोबांच्या झाकणांखाली लपलेला कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराचा) त्रिकोणी भाग. तिच्याभोवती वर्तुळ नाही. तीन चर आहेत: पुढचा, वरचा आणि मागून खाली उतरणारा, म्हणजे खालचा. शिवाय पुढे-खाली एका जागी चर मुळीच नाही. तिथे जमीन सलग राहते. त्या जागेचं नाव लायमेन इन्सुली, म्हणजे इन्सुलाचा उंबरठा. वर्तुळ शोधणारा माणूस या उंबरठ्यावरही सुरी चालवतो आणि नसलेला चर कोरून काढतो. मग तो कोरलेला चर विद्यार्थ्यांच्या पुढच्या सगळ्या तुकड्यांना 'सामान्य रचना' म्हणून दाखवला जातो. म्हणून एका मेंदूच्या दोन्ही बाजू आम्ही कशा उघडल्या, ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

मेंदू देहदानातून आलेला होता. शव आधी एम्बामिंग केलेलं असलं तरी मेंदू आतपर्यंत पक्का झालेला असतोच असं नाही. वरून रबरासारखा लागतो आणि आत पुटामेन या खोलवरच्या करड्या गोळ्यापाशी गुलाबी, मऊ निघतो. इन्सुला बरोबर त्या मऊ भागावरच बसलेली असते. त्यामुळे कवटीतून काढल्यावर पुन्हा फिक्सिंग करावंच लागतं. पंधरा लिटरची झाकणाची बादली, एक लिटर बाजारातलं फॉर्मलीन, नऊ लिटर पाणी. बाजारातलं फॉर्मलीन ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचं असतं, म्हणजे या मिश्रणात ते ४ टक्क्यांच्या आसपास उतरतं. 'लवकर व्हावं' म्हणून प्रमाण वाढवू नये. बाहेरचा थर चटकन आवळला जातो आणि द्रावण आत पोचायला उलट वेळ लागतो.

मेंदू बादलीच्या तळाला टेकता कामा नये. मेंदूच्या तळावरच्या बॅसिलर धमनीखालून जाड सुती दोरा ओवून तो बादलीच्या दोन्ही कानांना बांधायचा. मेंदू उलटा, तळ वर, तरंगत राहतो. धमनी तुटलेली असेल तर मलमलच्या कापडाची झोळी करायची. टेकलेल्या मेंदूचं काय होतं, ते इन्सुला उघडताना कळतं. टेम्पोरल लोब चपटा होऊन वर दाबला जातो, सिल्व्हियन फिशरच्या (इन्सुलावरच्या त्या खोल भेगेच्या) दोन्ही कडा एकमेकींत रुततात आणि खालच्या चराचा कोन बदलतो. असा मेंदू काप घ्यायला चालेल. चर मोजायला चालत नाही.

द्रावण पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी बदललं, नंतर आठवड्याने एकदा. सोलापुरात हे काम हिवाळ्यातच सुरू करावं असं आमचं ठाम मत आहे. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी टांगलेला मेंदू फेब्रुवारी संपता संपता हाताखाली घेता येतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर गेला की विच्छेदनाच्या हॉलमध्ये फॉर्मलीनची वाफ डोळ्यांना टिकू देत नाही, बादलीतली पातळी खाली जाते आणि वर राहिलेला भाग सुकून करडा, कडक होतो. सुकलेल्या कॉर्टेक्सला नंतर कितीही भिजवलं तरी त्याची वळी पुन्हा मोकळी होत नाही.

काम सुरू करण्याच्या आदल्या रात्री मेंदू साध्या पाण्यात ठेवायचा. पुस्तकांत वाहत्या नळाखाली ठेवायला सांगितलेलं असतं. आपल्या शहरात पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे ते परवडणारं नाही. मोठ्या बादलीत दर तीन-चार तासांनी पाणी बदललं तरी तेच काम होतं. हॉलमधले मामा हे संध्याकाळी दोनदा आणि सकाळी आल्या आल्या एकदा करतात, तेवढ्यात वास पुरेसा उतरतो.

अॅरॅक्नॉइड (मेंदूवरचा पातळ पापुद्रा) आणि रक्तवाहिन्या काढणं हा सगळ्यांत वेळखाऊ भाग. एका बाजूला आम्हाला दोन बैठका लागल्या, प्रत्येकी तीन तासांच्या. पसरट ट्रेमध्ये पाण्याखाली काम करायचं, म्हणजे सुटलेला पापुद्रा तरंगतो आणि कुठे चिकटलेला आहे ते दिसतं. दोन बारीक चिमटे, एक बोथट प्रोब, बारीक कात्री आणि लाकडी पट्ट्या. घशात बघताना वापरतात ती लाकडी पट्टी टोकाला घासून पातळ केली की तिच्याइतकं चांगलं हत्यार नाही. धातूची कड कॉर्टेक्सला ओरखडा पाडते, लाकूड पाडत नाही.

फिशर कुठून उघडायची? खालच्या फ्रंटल गायरसच्या (वळीच्या) तीन भागांपैकी मधला, त्रिकोणी भाग बघायचा. बहुतेक मेंदूंत तो जरा मागे सरलेला असतो, त्यामुळे त्याच्या टोकाखाली फिशर थोडी रुंद असते. आडवी आणि उभी अशा दोन पुढच्या शाखा इथेच फुटतात. या जागेला शस्त्रक्रियेत अँटेरियर सिल्व्हियन पॉइंट म्हणतात. इथे नावांचा एक गोंधळ आहे, तो वेळीच सोडवलेला बरा. अँजिओग्रामच्या जुन्या भाषेत 'सिल्व्हियन पॉइंट' म्हणजे अगदी मागचा-वरचा धमनीचा वळसा, इन्सुलाच्या मागच्या कोपऱ्यातला. एक पुढे, एक मागे, दोन्हींत इन्सुलाची अख्खी लांबी. फिशरचं वर्णन १६४१ मध्ये बार्थोलिनच्या शरीररचनेच्या ग्रंथात सिल्व्हियसच्या नावाने आलं. इन्सुलाला राइलचं नाव चिकटलं ते १८०९ च्या त्याच्या लेखनामुळे. या दोन वर्षांमधलं अंतर पाहिलं की ही झाकणं किती घट्ट बसलेली असतात ते कळतं.

उजव्या बाजूच्या धमन्या आम्ही मुद्दाम ठेवल्या, डाव्या काढल्या. दोन्ही बाजू स्वच्छ केल्या तर चर दिसतात, पण धमन्यांच्या खंडांची नावं कशावरून पडली ते कळत नाही. मिडल सेरेब्रल धमनी लायमेनवर येऊन वळते आणि इन्सुलाच्या अंगावर पसरते. हा दुसरा खंड, एम-टू. वरच्या फांद्या इन्सुलावरून चढत वरच्या चराच्या तळापर्यंत जातात, तिथे जवळजवळ पूर्ण उलट्या फिरतात आणि फ्रंटल-पॅरायटल झाकणाच्या आतल्या अंगाने खाली येतात. ज्या ठिकाणी त्या फिरतात तिथे एम-टू संपतो आणि एम-थ्री सुरू होतो. फिशरच्या ओठावर आल्या की पुन्हा वळून बाहेरच्या पृष्ठभागावर चढतात, तो एम-फोर. म्हणजे धमनीच्या खंडाची हद्द या चरानेच आखलेली आहे. खालच्या चरात हे वळण इतकं तीव्र नसतं. तिथे फांदी तिरकी बाहेर पडते.

डाव्या बाजूला नेमकी इथेच इजा होते. वरच्या चरातला वळसा बाहेरून ओढला की तो येत नाही, कारण तो खुंटीला अडकवल्यासारखा अडकलेला असतो. जोर लावला की वळशाबरोबर कॉर्टेक्सचा पापुद्रा निघतो आणि चराची वरची कड कायमची जाते. आधी वळसा मधोमध कात्रीने कापायचा, मग एक टोक इन्सुलाकडून आणि दुसरं झाकणाकडून सोडवायचं. इन्सुलावरच्या धमन्या उचलतानाही घाई नको. प्रत्येकीच्या पोटातून केसासारख्या बारीक फांद्या कॉर्टेक्समध्ये शिरतात. बहुतेक आखूड असतात, कॉर्टेक्स आणि त्याखालच्या तंतूंच्या पहिल्या थरापर्यंत, एक्स्ट्रीम कॅप्सूलपर्यंतच जातात. काही त्याखालच्या क्लॉस्ट्रम (करडा पातळ पत्रा) आणि एक्स्टर्नल कॅप्सूल (तंतूंचा पुढचा थर) इथपर्यंत पोचतात, आणि शेकडा तीन ते पाच लांब जाऊन कोरोना रेडिएटापर्यंत, हालचालीचे तंतू जिथून उतरतात त्या पंख्यापर्यंत पोचतात. शस्त्रक्रियेत हात-पाय लुळे पडतात ते बरेचदा या थोड्या लांब फांद्यांमुळे. त्या जास्त करून मागच्या भागात असतात.

कॉर्टेक्सखालचे पांढरे तंतू सोलायचे असतील तर झाकणं काढण्याआधी गोठवणं करून घ्यावं. जोसेफ क्लिंगलरने बाझलमध्ये १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली. तंतूंमधल्या पाण्याचा बर्फ होताना तो पसरतो आणि तंतू एकमेकांपासून सुटतात. उणे १० ते उणे १५ अंशांवर आठ ते दहा दिवस. गोठवण्याआधी फॉर्मलीन नीट धुऊन काढलं नाही तर आतलं द्रावण नीट गोठत नाही आणि तंतू सुटत नाहीत. 'पद्धत जमली नाही' असं जे ऐकू येतं त्याचं कारण बहुधा एवढंच असतं. वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडायचं नाही. अर्धवट वितळून पुन्हा गोठल्याने तंतूंचं नुकसान होत नाही, उलट गोठवण्याचं आवर्तन पुन्हा करतातच. नुकसान होतं ते उन्हाळ्यात वितळलेला मेंदू तसाच तासन्‌तास राहिल्याने.

आता झाकणं. आधी काही न कापता बघून घ्यायचं: दोन लाकडी पट्ट्या फिशरमध्ये घालून हलकेच फाकवायच्या. तळाशी इन्सुलाची पांढुरकी पाठ दिसते. मग बोथट प्रोब वरच्या झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवून वर सरकवायचा, जिथे थांबतो तो वरच्या चराचा तळ. ओठापासून तिथपर्यंत दोन ते तीन सेंटीमीटर अंतर भरलं. प्रोब तसाच ठेवून त्याच्या टोकाच्या रेषेत बाहेरून काप घ्यायचा, एका वेळी सेंटीमीटरभर रुंदीचा तुकडा, आणि चराच्या तळाच्या अर्धा सेंटीमीटर अलीकडे थांबायचं. उरलेला अर्धा सेंटीमीटर लाकडी पट्टीने कोरून काढायचा. एकाच लांब सुरीने अख्खं झाकण उडवण्याचा मोह होतो. पण वरचा चर सरळ रेषेत नाही. मध्ये जरा वर कमानदार होतो, आणि सरळ काप मध्यावर कमी पडतो तर दोन्ही टोकांना जास्त जातो.

बरोबर चाललंय की नाही, याची एकच खूण लक्षात ठेवावी: चराच्या तळाशी करड्या थराची पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वळून इन्सुलावरून झाकणावर गेलेली दिसली पाहिजे. तळाशी पांढरं दिसलं तर आपण चर ओलांडून पुढे गेलो. तळ गुळगुळीतही नसतो. इन्सुलाच्या वळ्यांमधल्या खाचा वरच्या चरात येऊन मिळतात, झाकणाच्या आतल्या अंगाच्याही मिळतात, आणि मध्ये लहान लहान उंचवटे राहतात. हे उंचवटे घाण समजून खरवडू नयेत.

पुढचा चर सगळ्यांत आखूड आणि सगळ्यांत फसवा. तो जवळजवळ उभा आहे. त्रिकोणी आणि ऑर्बिटल भागांच्या मागे, आत तोंड करून. वरून तो वरच्या चराला एका स्पष्ट कोपऱ्यात भेटतो. खाली मात्र उथळ होत होत विरून जातो, कारण तिथे इन्सुलाची एक आडवी वळी, ट्रान्सव्हर्स गायरस, पुढे फ्रंटल लोबच्या ऑर्बिटल पृष्ठभागाकडे निघून गेलेली असते. चर विरतो म्हणून 'अजून खोल असेल' असं वाटून प्रोब दाबला की तो सरळ फ्रंटल आणि टेम्पोरल लोबांना जोडणाऱ्या अनसिनेट तंतूंत शिरतो. आमच्या मते या चराला किमान अख्खी एक बैठक द्यावी. पुढचा चर नीट निघाला की लायमेन आपोआप दिसतं.

खालच्या बाजूला क्रम वेगळा. टेम्पोरल झाकणाची वरची सपाटी तीन पट्ट्यांत आहे: पुढे प्लॅनम पोलारे, मध्ये हेशलची आडवी वळी, मागे प्लॅनम टेम्पोराले. हेशलची वळी शेवटपर्यंत ठेवायची. बाहेर रुंद, आत निमुळती होत ती बाणासारखी इन्सुलाच्या मागच्या कोपऱ्याकडे, वरचा आणि खालचा चर जिथे भेटतात तिकडे, टोक रोखून असते. ती आधी कापली की हा कोपरा कुठे आहे ते ठरवायला काहीच उरत नाही, आणि मागची लाँग गायरस अर्धी टेम्पोरल लोबबरोबर निघून जाते. प्लॅनम पोलारे काढताना काप आडवा ठेवायचा, खाली झुकवायचा नाही. खालच्या चराच्या तळापासून वेंट्रिकलचा (मेंदूच्या आतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीचा) टेम्पोरल हॉर्न एक सेंटीमीटरच्या आसपास आहे. काप झुकला की अचानक गुळगुळीत, चकचकीत पोकळी उघडते. ती उघडली तर टेम्पोरल स्टेम, म्हणजे टेम्पोरल लोबचा तंतूंचा देठ, दाखवण्यासाठी तो मेंदू वाया गेला असं समजायचं.

मोजमाप ओल्या सुती दोऱ्याने घेतलं. दोरा चराच्या तळाशी बसवायचा, दोन्ही टोकांना चिमट्याने पकडायचं आणि स्टीलच्या पट्टीवर सरळ करायचा. कोरडा दोरा तळाला बसत नाही, आणि कंपास कमान मोजत नाही. वरचा चर पाच ते सहा सेंटीमीटर, खालचा चार ते पाच, पुढचा अडीचच्या आसपास. त्रिकोणाच्या आत सेंट्रल इन्सुलर सल्कस सगळ्यांत खोल. वरून लायमेनच्या दिशेने तिरकी येते आणि बाहेरच्या सेंट्रल सल्कसच्या साधारण रेषेतच असते. तिच्या पुढे तीन आखूड वळ्या, मागे दोन लांब. मधली आखूड वळी बारीकच असते. ती दिसली नाही म्हणून दुसऱ्या कुठल्या वळीला तिचं नाव देऊ नये.

सेंट्रल इन्सुलर सल्कसलाच खालचा चर समजण्याची चूक खूप होते, विशेषतः टेम्पोरल झाकण पूर्ण न काढता घाई केली तर. पडताळणी सोपी आहे: सल्कसच्या दोन्ही काठांवर इन्सुलाच्याच वळ्या असतील तर ती इन्सुलाची आतली खाच. एका काठावर इन्सुला आणि दुसऱ्या काठावर झाकणाचा देठ असेल तरच तो सीमेचा चर.

डाव्या बाजूने पुढे तंतू सोलले. कॉर्टेक्स खरवडल्यावर पहिला थर एक्स्ट्रीम कॅप्सूलचा. यात इन्सुलाच्या वळ्यांना झाकणांशी जोडणारे आखूड तंतू चराखालून वळून जाताना दिसतात. त्याखाली क्लॉस्ट्रम, वरच्या भागात सलग पातळ पत्र्यासारखं, खाली-पुढे तंतूंत विखुरलेल्या बेटांसारखं. मग एक्स्टर्नल कॅप्सूल, मग पुटामेनचा करडा गोळा, मग ग्लोबस पॅलिडस, त्यापलीकडे इंटर्नल कॅप्सूल. लायमेनखालून अनसिनेट आणि इन्फिरियर फ्रंटो-ऑक्सिपिटल हे दोन जुडगे जातात. चर नाही तिथे दोन लोबांना जोडणारी वाट जाते, हे एकदा हातांनी सोललं की उंबरठा हे नाव किती नेमकं आहे ते पटतं.

प्रत्येक चराखाली काय आहे, हे शस्त्रक्रियेला कामी येतं. पुढच्या चराखाली खोलवर कॉडेट या करड्या गोळ्याचं डोकं आणि वेंट्रिकलचा फ्रंटल हॉर्न. वरच्याखाली कोरोना रेडिएटा आणि त्यापलीकडे वेंट्रिकलचा मुख्य भाग. खालच्याखाली टेम्पोरल स्टेम, त्यात दृष्टीचे तंतू, अनसिनेट आणि अँटेरियर कमिशर. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात, एका बाजूचा अर्धगोल आधीच निकामी झालेला असेल तर, पेरि-इन्सुलर हेमिस्फेरोटॉमी करतात. त्यात वरच्या चरातून वेंट्रिकलच्या मुख्य भागात आणि खालच्या चरातून टेम्पोरल हॉर्नमध्ये उतरतात. इन्सुलाच्या गाठी काढताना वरच्या चराचा मागचा भाग सगळ्यांत जपतात, कारण तिथे हालचालीचे तंतू नेणारा इंटर्नल कॅप्सूलचा मागचा पाय जवळ असतो.

हे सगळं एमआरआयवर ओळखायचं असेल तर मध्यरेषेपासून साडेतीन ते चार सेंटीमीटर बाहेरचा सॅजिटल काप उघडावा. त्रिकोण तिथे सरळ समोर येतो, तिन्ही चर एकाच चित्रात. आडव्या सीटीवर इन्सुलाची करडी पट्टी दिसते. मिडल सेरेब्रल धमनी बंद झाल्यावर सुरुवातीच्या तासांत ही पट्टी पुसट होते, आणि ती पुसट झाली हे कळायला ती आधी कुठून कुठपर्यंत असते ते माहीत लागतं.

दोन्ही अर्धगोल आता ५ टक्के फॉर्मलीनच्या बरण्यांत आहेत. पुढच्या चरात लाल, वरच्यात निळा आणि खालच्यात हिरवा दोरा बसवला आहे, टोकं बारीक टाचण्यांनी पक्की केली आहेत. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात. साध्या टाचण्यांचा गंज महिनाभरात कॉर्टेक्समध्ये उतरतो. दोऱ्याचा रंग आधी फॉर्मलीनमध्ये दोन दिवस ठेवून तपासला होता, कच्चा रंग सुटला की बरणीतलं द्रावण आणि मेंदू दोन्ही रंगतात. लायमेनवर दोरा ठेवलेला नाही. तिथे लाल आणि हिरव्या दोऱ्याची टोकं थांबतात, आणि मधली जागा मोकळी दिसते.